शेजारी उसनी गेलेली कळशी

ही गोष्ट पंच्याऐंशीच्या मे महिन्यातली की शहाऐंशीच्या, हे आता मला खात्रीनं सांगता येत नाही. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, हे नक्की. कारण नव्या कार्यालयाच्या फाटकाचा रंग हाताला लागायचा, असं मला आठवतं. (चार वर्षं रंग ओला कसा राहील, असं आमची सौ. विचारते. मुद्दा बरोबर आहे.) पाणी नव्हतं, हेही नक्की. त्याबद्दल आमच्या घरात दुमत नाही.

मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होतो. एम.एस्सी., पीएच.डी., आणि कुलूप लागलंय की नाही हे पाहायला रोज कोपऱ्यावरून परत येणारा. अशा माणसाला हैदराबादच्या होस्टेलातला मित्र व्यंकट यानं पत्र लिहिलं, ‘रविवारी दुपारी येतो. तुमच्या नव्या जिल्ह्यात पाणी मिळत नाही म्हणे. दुसरं काही मिळतं का?’

त्या ‘दुसरं’ या शब्दानं मला डिवचलं. एका परदेशी मासिकात बागेतल्या वनस्पती घालून जिनचं पेय करण्याची कृती मी वाचली होती. मुळात जिनला वास येतो तो जुनिपरच्या फळाचा. (फळ म्हणू नये, तो मांसल शंकू असतो. पण असो.) म्हणजे हा विषय सरळसरळ माझ्या खात्यातला. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट आपल्याला नक्की जमणार, असं मला वाटलं.

अडचण एकच होती. आमचं घर लिंगायत. सासरे उदगीरचे ईश्वरप्पा, ज्यांनी खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचा मजकूर वाचून दुकानदाराला परत केलं होतं. लातुरात निम्मं गाव माझे विद्यार्थी आणि उरलेलं निम्मं सासरचं. म्हणून मी पेपर तपासणीचं निमित्त काढून एस.टी.नं नांदेडला गेलो, बाटली घेतली आणि येताना अर्धापूरच्या केळीच्या फण्यांखाली पिशवीत दडवून आणली. वाहक म्हणाला, “सर, केळी लई जपून धरून राहिलेत.” लातूरपर्यंत मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

शनिवारी सौ. देवळात गेल्यावर मी कामाला लागलो. तुळस, पुदिना, गवती चहा, आलं, लिंबाची साल. आता हे मुरत ठेवायचं कुठं? बाटली लपवता येते, पण आतला माल कुठं लपवायचा? तेव्हा मला सुचलेली युक्ती मी आजही माझ्या प्रबंधाच्या वर धरतो. टंचाईत घरातलं प्रत्येक भांडं पाण्यानं भरलेलं असायचं. हंडे, घागरी, बादल्या, कुकर, एवढंच काय, लग्नात आलेली आइस्क्रीमची भांडीसुद्धा. पाण्यासारखं दिसणारं काही लपवायचं तर ते पाण्यात! मी स्टीलच्या कळशीत जिन ओतली, दोन तांबे पाणी घातलं, पाला घातला, वर फडकं बांधलं आणि कळशी घागरींच्या रांगेत ठेवून दिली. एक चमचा चाखला. उत्तम!

सौ. आली आणि तिनं बरोबर तेच फडकं उचललं. “अहो, हे काय?”

“काढा,” मी म्हणालो. “टँकरच्या पाण्यावर उतारा. वनस्पतींनी शुद्ध केलेलं पाणी.”

“बरं झालं बाई, तुमच्या शिक्षणाचा घराला काही उपयोग झाला,” ती म्हणाली. मी सुखानं झोपलो.

रविवारी दुपारी पाहतो तर रांगेत कळशी नाही.

“अगं, ती काढ्याची कळशी?”

“शेजारच्या नीलाबाईंना दिली.”

“दिली म्हणजे?”

“उसनी. त्यांच्याकडं शिवगंगेला पाहायला उदगीरचे पाहुणे आलेत आणि टँकर आलाच नाही. मी म्हटलं, हेच न्या, सरांनी औषधी घालून शुद्ध केलंय. मंगळवारी भरून देतील.”

उसन्या पाण्याचा तेव्हा आमच्या गल्लीत कडक शिरस्ता होता. कळशीला कळशी परत. साखर नाही दिली तर चालायचं, पण पाण्याला नाही म्हणणारं घर वर्षभर वाळीत पडायचं. सौ.चं काहीच चुकलं नव्हतं.

“पाहुण्यांना देणार काय आहेत त्या?”

“लिंबाचं सरबत.”

मी पायात चप्पल घातली. (एक माझी, एक तिची.) शिवगंगा ही नीलाबाईंची मुलगी, माझी विद्यार्थिनी. वडील नसलेली, शांत, हुशार मुलगी. पहिली दोन स्थळं हुंड्यावरून मोडलेली. पोरीच्या घरी पहिल्याच भेटीत दारू दिली, असं एकदा उदगीरच्या बाजारात पोचलं असतं, तर तिसरं स्थळ मोडलंच असतं आणि चौथं आलंच नसतं. आणि हे सगळं माझ्या मांसल शंकूमुळे!

“या या, भाऊजी!” नीलाबाई दारातच म्हणाल्या. “मी तुम्हालाच बोलवून राहिले. घरात बाप्या माणूस न्हाई, शिकलेलं कुणी बसायला पाहिजे.”

“नीलाबाई, ते पाणी...”

“लई गुणाचं हाय हो! वासच किती छान!” असं म्हणून त्यांनी मला बैठकीत ढकललं.

समोर तिघं बसले होते. मुलगा, मुलाची आई कमलम्मा आणि मामा चंद्रप्पा. मामा म्हणजे कपाळाला भस्म, ओठ मिटलेले, नजर अशी की मी बसल्या बसल्या माझी पदवी आठवून पाहिली. तेवढ्यात शिवगंगा ट्रे घेऊन आली. पाच पेले. एकात पुदिन्याचं पान तरंगत होतं.

“थांबा!” मी ओरडलो.

सगळे थांबले. खरं सांगितलं तर लग्न मोडणार, नाही सांगितलं तर तीर्थयात्रा करणारी कमलम्मा जिन पिणार. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, “मीठ... मीठ कमी असेल.”

“अजून चाखलं न्हाई की हो कुणी,” कमलम्मा म्हणाली आणि पेल्याकडं हात नेला.

पण मामांनी आधीच एक घोट घेतला होता. त्यांनी पेल्यात पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग एकदम त्यांनी अख्खा ट्रेच पुढ्यात ओढला.

“अक्का, तू ऱ्हाऊ दे. तुला लिंबू चालत न्हाई.”

“मला? कधीपासनं?”

“तू चहा घे. पोरा, तू पण चहा घे. मला लई तहान लागून राहिली.”

आणि त्यांनी पेला रिकामा केला. मग दुसरा. मग तिसरा. टंचाईच्या दिवसांत पाहुणा दुसऱ्यांदा पाणी मागत नसे; नीलाबाई पदर तोंडाला लावून पाहत राहिल्या. माझ्या वाट्याचा पेलाही मामांनी उचलला. “सर, तुम्ही तर घरचेच!”

चौथ्या पेल्यानंतर त्यांचा चेहरा उजळला. पाचव्यानंतर ते म्हणाले, “पोरगी पसंत! हुंडा न्हाई, मानपान न्हाई. असलं सरबत करणारं घर सोडायचं न्हाई!” वर कळशीत उरलेलं त्यांनी प्रवासाला म्हणून थर्मासमध्ये भरून घेतलं. जाताना दाराऐवजी कपाटाकडं निघाले, पण तेवढं कुणाचंही होतं.

व्यंकट संध्याकाळी आला आणि त्याला आम्ही ताक दिलं.

पुढं लग्न झालं, शिवगंगेचा संसार छान झाला, आणि मी? मी मनातून फुललो. आयुष्यात मी केलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मला शंका आहे, प्रबंधाबद्दलसुद्धा, पण त्या पेयाबद्दल नव्हती. पाच पेल्यांत हुंडा माफ! असा निष्कर्ष कुठल्या प्रयोगशाळेत निघतो?

चौदा वर्षांनी शिवगंगेच्या धाकट्या मुलाच्या वाढदिवसाला मामा भेटले. म्हातारे झाले होते, पण नजर तीच. मला राहवलं नाही. त्यांना कोपऱ्यात नेऊन मी हळूच विचारलं, “मामा, ते सरबत आठवतं? आवडलं होतं ना?”

“आवडलं?” मामा म्हणाले. “अहो सर, पहिल्या घोटालाच कळलं. अक्काच्या तोंडाला लागलं असतं तर पोरीचं काय झालं असतं? पोर चांगली होती. म्हणून सगळे पेले मीच गिळले, अन् कळशीतलं उरलेलंपण संग नेलं. पहिल्या नाल्यात ओतलं.”

“पण... चव?”

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सर, बावीस वर्षं दारूबंदी खात्यात काढली. हातभट्टी पकडली, बनावट पकडली, एकदा तर पंक्चरच्या ट्यूबमधली पकडली. तुमच्याइतकं वाईट कुठं चाखलं न्हाई.”

म्हातारा थट्टा करत असेल, अशी आशा धरून मी त्यांच्या भाच्याकडं चौकशी केली. बावीस नव्हे, सव्वीस वर्षं नोकरी झाली होती आणि जप्त केलेला माल चाखून ओळखण्यात मराठवाड्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.