सहासष्ट कलमांची सुरियानी

"तुमचा कोणाचाही विश्वास बसणार नाही," गनीचाचा बशी खाली ठेवत म्हणाले, "पण मालगुंडचे वांदर सुरियानी वाचतात."

टपरीवरच्या धाकूने विडी विझवली. म्हणजे आता निवांत ऐकायचं.

चाचा कुवेतला असताना त्यांच्या खोलीत केरळातल्या कोट्टयमचा कुरियन राहायचा. तो रोज सकाळी सुरियानीत, म्हणजे त्यांच्या चर्चच्या जुन्या भाषेत, प्रार्थना म्हणायचा आणि चाचांना चिडवायचा, "तुझी जीभ नाही वळणार." यंदा फोनवर पैज लागली. मेच्या पहिल्या शुक्रवारी चाचांनी व्हिडिओवर सुरियानीच्या तिन्ही लिप्या दोन्ही उच्चारांत वाचल्या, तर कुरियनने मालगुंडला येऊन हापूससमोर हात जोडायचे. नाही जमलं, तर चाचांनी कोट्टयमला जाऊन तिथला आंबा खायचा आणि कॅमेऱ्यासमोर म्हणायचं, "हापूसपेक्षा हा बरा."

"हे तोंडातून काढलंत," फातिमाचाची म्हणाल्या, "तर माझ्याशी बोलू नका."

चाचा हादरले आणि अभ्यासाला लागले. अक्षरं बावीसच, पण प्रत्येकाचे अवतार तीन. एस्त्रांगेला जुनी, ऐसपैस. सेर्तो पश्चिमेकडची, पळत लिहिल्यासारखी. मद्नहाया पूर्वेकडची, दोघींच्या मधली. त्यात उच्चारांचा घोळ. शांतीला पूर्वेकडचे 'शलामा' म्हणणार, पश्चिमेकडचे 'शलोमो'.

"मग तू घरी काय म्हणतोस?" चाचांनी कुरियनला विचारलं.

"आईच्या चर्चमध्ये शलामा, बायकोच्या चर्चमध्ये शलोमो. घरी मी गप्पच असतो."

पाठ होईना, तेव्हा चाचांनी सहासष्ट पुठ्ठे कापले आणि बागेतल्या एकेका कलमाला एकेक अक्षर बांधलं. रोज सकाळी झाडाखाली उभं राहून ते अक्षर खच्चून ओरडायचं, आधी पूर्वेचं, मग पश्चिमेचं. आठ दिवसांत वांदर फिरकेनासे झाले.

शेजारच्या बागेतली राजश्री दगडी गडग्यावरून डोकावली. "चाचा, राखणीचा एक कागद आम्हाला पण द्या की."

"अगो, ती बाराखडी आहे!"

"असू दे. त्यातली जालीम कुठची तेवढी सांगा."

चाचांनी नाही म्हटलं, तिथेच चुकलं. न देण्यासारखं आहे म्हणजे गुण नक्की, असं गावाने ठरवलं. एस्त्रांगेला वांदरांवर, सेर्तो चोरांवर, मद्नहाया फुलकिडीवर, अशी वाटणीही झाली. चोर बागेत शिरत, आंब्याला बोट न लावता पुठ्ठे सोडून नेत. गुरुवारी चाचांकडे एकच अक्षर उरलं, तेही शेळीने अर्धं खाल्लेलं.

शुक्रवारी कुरियनचा फोन आला. चाचा फोन समोर धरून घराबाहेर पडले. राजश्रीच्या बागेत वाचलं, पलीकडच्या बाबूच्या विहिरीच्या पंपावर वाचलं, गडगे ओलांडले, काट्यांत लुंगी फाटली.

"गनी, तू पळतोयस कुठे?" कुरियन ओरडला.

"पुढच्या अक्षराकडे!"

शेवटचं अक्षर बाबूच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडलं. चाचांनी ते गुडघे टेकून, दोन्ही उच्चारांत वाचलं.

"सहासष्टच्या सहासष्ट!" चाचांनी बाकावर थाप मारली. "कुरियनच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, गनी, तू जिंकलास. हापूस तो हापूस."

धाकूने सावकाश विचारलं,

"चाचा, सहासष्ट कलमं कुणाच्या बागेत?"

"माझ्या. म्हणजे काय!"

"तुमच्या बागेत कलमं अकरा. दरवर्षी झेला घेऊन आंबे मीच उतरवतो नव्हं?" धाकू पुढे सरकला. "त्या शुक्रवारनंतर तुम्ही चार दिवस गावात नव्हतात. आल्यापासून चाची तुमच्याशी बोलत नाहीत. आता खरं सांगा, कोट्टयमचा आंबा गोड होता काय?"