खग्रास आणि दिवाबत्ती खातं

पुढच्या महिन्यात भर दुपारी शहरावर अंधार पडणार असल्याची बातमी नगरपालिकेत येऊन थडकली, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो हा, की सदर अंधार कोणत्या खात्याचा. आरोग्य खात्याने कळवलं की डोळे आमच्याकडे येतात हे खरं, पण बिघडल्यानंतर, आधी नाही. उद्यान खात्याने आपली हद्द झाडाच्या शेंड्यापाशी संपते असं सांगून हात झटकले. अखेर, उजेड कमी होणं ही बाब निर्विवादपणे दिवाबत्ती खात्याची आहे असा निर्णय झाला आणि खग्रास सूर्यग्रहण दिवाबत्ती खात्याच्या गळ्यात पडलं.

या निर्णयाचा आनंद खात्यात एकाच माणसाला झाला. ते होते खात्याचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. आनंदाचं कारण घरगुती होतं. भाऊसाहेबांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. दरवर्षी ती वर्गाच्या खिडक्या लावून, मेणबत्तीपुढे लिंबू धरून मुलांना खग्रास ग्रहण समजावून सांगायची. लिंबू म्हणजे चंद्र. शहरातल्या अर्ध्या लोकांना तिने ग्रहण शिकवलं होतं, पण खरं खग्रास तिने स्वतः कधी पाहिलं नव्हतं. या वेळी शाळेची सहल शहराबाहेरच्या टेकडीवर जाणार होती आणि बसमध्ये बाईंची जागा सगळ्यात आधी पक्की झाली होती.

पण जेवताना भाऊसाहेबांच्या अंगात ऑफिस संचारलं. टेकडीवर कशाला उन्हातान्हात जायचं, आमच्या ऑफिसची गच्ची शहरात सगळ्यात उंच, आणि ग्रहण तर यंदा आमच्याच खात्याकडे आहे, असं ते बोलून गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ऑफिसचं वजन घरात दाखवायची संधी त्यांना आजवर मिळाली नव्हती. बाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"नक्की ना? हे परत यायचं नाही आपल्या जन्मात."

"खातं माझं आहे. तू फक्त ये."

बाईंनी दुसऱ्याच दिवशी बसमधली जागा चित्रकलेच्या सरांना देऊन टाकली. आता भाऊसाहेबांना मागे फिरायला वाट उरली नाही.

खात्याची पहिली बैठक सुरक्षाधिकाऱ्यांच्या आग्रहावरून तळमजल्यावर झाली. या गृहस्थांना सगळे ‘सांभाळून’ म्हणत, कारण चहाचा कप पुढे केला तरी ते तोच एक शब्द उच्चारत. ग्रहणाचे चष्मे तपासायला आले होते. खात्याच्या मुख्य साहेबांनी एक चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ट्यूबलाइटकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं, मग भाऊसाहेब ज्या दिशेला असावेत असं वाटलं त्या दिशेला पाहिलं.

"यातून काहीच दिसत नाही," साहेब म्हणाले.

भाऊसाहेबांनी समजावलं की चष्मा खरा असल्याची तीच तर खूण आहे, यातून सूर्याखेरीज काहीच दिसता कामा नये. साहेबांना ते पटलं. पण ‘पाहिले, काहीही दिसले नाही, सबब पसंत’ असा शेरा मारायला त्यांचा हात धजेना. उद्या कुणी विचारलं तर? तेव्हा माल नापसंत होऊन परत गेला. पुरवठादार शहाणा होता. त्याने आठवड्याभरात साध्या काचेचे चष्मे पाठवले, त्यांतून पलीकडच्या इमारतीवरची पाटीसुद्धा वाचता येत होती. सगळ्यांनी ते घालून एकमेकांकडे पाहिलं आणि समाधान व्यक्त केलं. सांभाळूनसाहेबांनी मात्र या काचेतून सूर्याकडे बघणारा आंधळा होईल असा इशारा दिला. त्यावर साहेबांनी मध्यम मार्ग काढला. चष्मा प्रत्येकाने घालायचाच, परंतु तो घालून सूर्याकडे बघायचं नाही.

दुसऱ्या बैठकीत गच्चीचा प्रश्न आला. कठडा गुडघ्याएवढा होता. वर बघताना माणूस नकळत मागे सरतो, असं सांभाळूनसाहेबांनी स्वतः उभं राहून दाखवलं आणि मागच्या कपाटावर आपटले. कठडा वाढवावा, असं भाऊसाहेबांनी सुचवलं. पण कठडा बांधकाम खात्याचा होता, आणि बांधकाम खात्याशी दिवाबत्ती खात्याचं बोलणं बंद होतं.

"वर बघणारा माणूस पडतो," सांभाळूनसाहेब डोकं चोळत म्हणाले. "खाली मान घालून काम करणारा पडल्याचं या ऑफिसात कुणी पाहिलंय?"

कुणीच पाहिलं नव्हतं. गच्चीला कुलूप लागलं. ग्रहण तळमजल्यावरच्या सभागृहात, पडदे ओढून, मोठ्या स्क्रीनवर बघायचं ठरलं, आणि त्यासाठी गच्चीवर एक कॅमेरा बसवायचा. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कॅमेरा सरकारी मालमत्ता आहे आणि थेट सूर्याकडे रोखला तर तो जळेल. म्हणून त्याच्यावर ताडपत्री घातली. चाचणीच्या दिवशी स्क्रीनवर ताडपत्री अतिशय स्वच्छ दिसली. एवढी मेहनत घेऊन लोकांना ताडपत्री दाखवणं बरं दिसणार नाही म्हणून, दूरच्या कुठल्या तरी देशात पूर्वी झालेल्या ग्रहणाची फिल्म त्याच वेळी लावावी असं एकमताने ठरलं. ते ग्रहण पार पडलेलं असल्यामुळे त्यात कुणाला इजा होण्याचा संभव नव्हता.

भाऊसाहेबांनी घरी यातलं अवाक्षर काढलं नाही. बाईंनी शाळेतून चांगले चष्मे आणले होते, ते रुमालात गुंडाळून ठेवले होते, आणि रोज संध्याकाळी त्या विचारत की गच्चीवर सावली कुठल्या बाजूने येताना दिसेल. भाऊसाहेब म्हणत, व्यवस्था चालू आहे. हे तर खोटं नव्हतंच. व्यवस्था जोरात चालू होती.

खरा कहर तिसऱ्या बैठकीत झाला. ग्रहणात अंधार पडेल, अंधारात नागरिक ठेचकाळतील, गाड्या एकमेकींवर आदळतील, आणि ते खापर फुटेल दिवाबत्ती खात्यावर. साहेब एकदम उभे राहिले. हे खातं अंधाराशी लढण्यासाठी जन्माला आलं आहे, असं ते म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांचा आवाज भरून आला. ग्रहण लागताच रस्त्यांवरचे यच्चयावत दिवे आणि क्रीडांगणावरचे झोतदिवेही लावायचे, जेणेकरून अंधार पडला तरी तो नागरिकांना जाणवू नये, असा ठराव झाला.

भाऊसाहेबांना राहवलं नाही. "साहेब, पण मग ग्रहण दिसणार कसं?"

"ग्रहण दाखवणं आपलं काम नाही, भाऊसाहेब. ते सुरक्षितपणे पार पाडणं आपलं काम आहे. दोन्हींत गोंधळ करू नका."

हुकूम लिहायचं काम, अक्षर चांगलं म्हणून, भाऊसाहेबांकडेच आलं. ‘अंधाराचे वेळी पूर्ण उजेड राहील याची दक्षता घ्यावी’ हे वाक्य त्यांनी इतक्या सुबक अक्षरात लिहिलं की साहेबांनी त्याच्या प्रती काढून प्रत्येक मुख्य स्विचवर चिकटवायला लावल्या. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, आणि वर त्याला शाबासकी मिळवायची, हे फक्त हेडक्लार्कलाच जमतं.

मग रंगीत तालीम झाली. आकाश ढगाळ होतं, पण ‘ग्रहण लागले आहे असे समजावे’ अशी घोषणा झाल्यावर सर्वांनी तसं समजून घेतलं. दिवे लागले, चष्मे चढले, माना खाली गेल्या. जखमी एकच झाला. कुणी वर बघत तर नाही ना, हे तपासण्यासाठी सांभाळूनसाहेबांनी वर बघितलं आणि ते पायरीवरून पडले. प्रत्यक्ष ग्रहणाला ते पायाला प्लास्टर घालून आले आणि त्यांचं म्हणणं आता कुणीही खोडून काढेना.

ग्रहणाच्या दिवशी बाई नवी साडी नेसून ऑफिसच्या फाटकाशी आल्या. पहारेकऱ्याने बाहेरच्यांना प्रवेश नसल्याचं सांगितलं, त्यांचे चष्मे डोळ्यांना लावून पाहिले, यातून काही दिसत नाही म्हणून दोष काढला आणि जप्त केले. भाऊसाहेब सभागृहाच्या खिडकीतून पडद्याची कड जराशी सरकवून हे सगळं बघत होते. बाहेर जाऊन काय सांगणार? बाई समोरच्या फूटपाथवर उभ्या राहिल्या.

सभागृहात परदेशातलं ग्रहण सुरू झालं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. बाहेर ऊन फिकट होत गेलं, वारा गार झाला, आणि नेमक्या त्याच क्षणी शहरातले सगळे दिवे एकदम पेटले. एरवी दुपारी असतो त्याहून जास्त उजेड पडला. झोतदिव्यांखाली बाई डोळ्यांवर हात धरून आकाशात काही दिसतंय का ते शोधत होत्या. पांढऱ्या भगभगाटापलीकडे काहीच नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी हात खाली घेतला. त्या रागावलेल्या दिसल्या असत्या तर भाऊसाहेबांनी सहन केलं असतं, त्याची त्यांना सवय होती. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

ते सभागृहातून निघाले आणि नोकरीत पहिल्यांदाच पळाले. स्विचरूममध्ये वायरमन स्टूलवर बसला होता.

"बंद कर सगळं."

"लेखी आणलंय का?"

"मी सांगतोय ना!"

"‘चालू ठेवा’ हे लेखी आहे, भाऊसाहेब. तुमच्याच अक्षरात आहे." वायरमनने स्विचवरचा कागद दाखवला. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

भिंतीवर दोन दांडे होते. एक लहान, रस्त्यावरच्या दिव्यांचा. दुसरा मोठा, अख्ख्या शहराचा. सारी हयात दिवाबत्ती खात्यात काढून भाऊसाहेबांनी एकही बटण स्वतः दाबलेलं नव्हतं. ऑफिसात ते शिपाई दाबायचा, घरी बाई. तेव्हा दोन्हींतला जो जास्त महत्त्वाचा दिसला, तो त्यांनी लोंबकळून खाली ओढला.

झालं. शहर काळंठिक्कर पडलं. भाऊसाहेब धडपडत फूटपाथवर पोचले, तेव्हा बाईंनी वर बघत बघतच त्यांचं मनगट पकडलं. सूर्य पूर्ण झाकला गेला होता. त्याच्या जागी एक काळं, गोल भोक होतं आणि त्याच्या भोवती पांढरीशुभ्र झालर पसरली होती. बाजूला एक तारा भर दुपारी लखलखत होता. क्षितिजावर चारी बाजूंनी संध्याकाळ झाली होती.

"आता चष्मा नाही लागत, बघा," बाई म्हणाल्या. "पूर्ण झाकलाय तोवर बघा." आणि मग जरा वेळाने, "आणि मी लिंबू धरत होते हो, इतकी वर्षं."

त्या रडत होत्या. भाऊसाहेबांनाही रडू आलं, आणि या वेळी त्यांनी खात्याचा विचार केला नाही. काठावर उजेडाचा एक थेंब फुटू पाहतोय असं दिसताच बाईंनी त्यांची मान धरून खाली दाबली. "बास, आता खाली बघा," त्या म्हणाल्या. सुरक्षिततेची तेवढी एकच सूचना त्या दिवशी शहरात कामाची निघाली.

मग ऑफिसात फोन घणघणू लागले. त्या दोन-अडीच मिनिटांत जवळजवळ सगळ्या शहराने फोन लावला होता. ग्रहणाबद्दल एकानेही विचारलं नाही. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, लाइट कधी येणार. सभागृहातही स्क्रीन बंद पडली म्हणून साहेब ओढलेल्या पडद्यांआड मिट्ट काळोखात बसून होते, आणि पडदा सरकवायची कल्पना कुणाला सुचली नव्हती, कारण तशी सूचना नव्हती.

भाऊसाहेबांवर ‘भर दुपारी नागरिकांस अंधारात ठेवले’ असा ठपका आला. अंधार चंद्राने केला, असा खुलासा त्यांनी दिला. तो फेटाळला गेला, कारण सूर्य वेळेवर परत आला होता आणि लाइट उशिरा आली होती. त्यांची बदली कोंडवाड्यावर झाली. तिथे ते मजेत आहेत. बाई अधूनमधून डबा घेऊन जातात आणि दोघं गुरांच्या सोबतीने जेवतात.

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं, डोक्यावर खग्रास आणि हे फोन करत बसले. आम्ही असतो तर वर बघितलं असतं. बघितलं असतंही. पण परवा रात्री तुमच्याकडे लाइट गेली होती, तेव्हा तुम्ही उठून खिडकीत गेलात, शेजारच्या इमारतीतली पण गेली आहे ना याची खात्री केलीत, आणि समाधानाने परत येऊन बसलात. आकाश त्याच खिडकीत होतं.