माझ्याकडे तर चालतं

जी वस्तू सर्वांसाठी खुली असते, ती उघडायला बहुधा एकाच माणसाला येते. आमच्या प्रकल्पात तो माणूस मी आहे.

रुग्णाला कुठली गोळी किती वाजता द्यायची याची आठवण करून देणारा एक प्रोग्राम मी अकरा वर्षांपूर्वी लिहिला. तो ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड कुणीही फुकट घ्यावा, तपासावा, सुधारावा. एवढा उदारपणा रक्ताच्या नात्यातही सापडत नाही. अट एकच. त्या कोडपासून चालता प्रोग्राम आधी आपल्या संगणकावर तयार करावा लागतो. याला बिल्ड करणे म्हणतात. नवख्यांच्या सोयीसाठी मी त्याचे सूचनापत्रक लिहिले. पायऱ्या एक्केचाळीस. पहिली पायरी: 'हे अगदी सोपे आहे.' (हिच्यात काहीच करायचे नसल्यामुळे ती सर्वांना जमते.) नववी पायरी: 'नेहमीची फाइल जागेवर ठेवा.'

अकरा वर्षांत त्रेसष्ट जणांनी मदतीची तयारी दाखवली. पैकी नवव्या पायरीवर अडकलेले बासष्ट. एकाचे लग्न ठरल्यामुळे तो आठव्यावरूनच परतला. प्रत्येकाला मी त्याच दिवशी उत्तर दिले, त्याबाबत माझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही. उत्तर असे: 'माझ्याकडे तर चालतं.'

बायको शेजारच्या खुर्चीत बसून मटार सोलत असे. एकदा म्हणाली, "अहो, तुमच्याकडे चालतं ना? मग तुमचंच मशीन कुरियरने पाठवून द्या त्यांना."

"तुला त्यातलं कळत नाही."

"बासष्ट शिकल्या-सवरल्यांना कळेना, तिथं माझी काय कथा!"

हा अभिप्राय तांत्रिक नसल्यामुळे मी त्याची नोंद घेतली नाही.

मग ती आजारी पडली. शेवटचे चार महिने पलंगावरच होती. प्रोग्राम गोळ्यांची आठवण अगदी वेळेवर करून देत असे. त्यात काही दोष नव्हता.

त्या चार महिन्यांत तिच्या वागण्यात एक फरक पडला. ती सांगायची, "वॉशिंग मशीन लावा." पुढे काही नाही. मी विचारायचो, "पावडर कुठंय?" ती म्हणायची, "शोधा." मी अडायचो, ती पडल्यापडल्या बघायची आणि वहीत काहीतरी लिहायची. मी लेकीला फोनवर म्हटले, "तुझ्या आईला हुकूम सोडायची सवय लागली आहे."

लेक म्हणाली, "बाबा, निदान आता तरी ऐका तिचं."

मी ऐकले. म्हणजे पावडर शोधली. त्यापलीकडे काही ऐकू आले नाही.

बायको गेली. लेक काही दिवस राहिली आणि नोकरीवर परतली. कपड्यांचा ढीग माझ्या कमरेला लागला, तेव्हा मी मशीनपुढे उभा राहिलो. (कमरेची उंची ही मर्यादा मीच ठरवली होती.) वरच्या कपाटाचे दार उघडले, तर आतल्या बाजूला कागद चिकटवलेला.

'कपडे.
१. पावडर निळ्या डब्यात. डब्यावर साखर लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका.
२. दार गुडघ्याने दाबा. हाताने लागत नाही.
३. बटण दाबून पाचपर्यंत मोजा. तुम्ही तीनला सोडता.
४. पाण्याचा आवाज येईपर्यंत तिथंच थांबा. नाही आला तर मागचा नळ उघडा. घाबरू नका. लेकीला फोन करू नका, ती ऑफिसात असते.
नवख्या माणसाकडून करून घेऊन तपासलं आहे.'

गुडघ्याची ओळ वेगळ्या शाईत होती. 'तुम्ही तीनला सोडता' हे पेन्सिलीने, आणि अक्षर हललेले. बाजूला तारखा होत्या. त्या त्या दिवशी मी तिथे तिथे अडलो होतो. स्वयंपाकघरात असे आणखी पाच कागद निघाले.

कपडे धुऊन निघाले. मी मशीनसमोर शेवटपर्यंत बसून होतो. (बावन्न मिनिटे लागतात. बसण्याची आवश्यकता नसते.)

त्याच आठवड्यात चौसष्टाव्या इच्छुकाचे पत्र आले. एका लहान इस्पितळातल्या नर्स. वॉर्डात बत्तीस खाटा, औषधांचा तक्ता कागदावर. एका आजोबांना तीच गोळी दोनदा दिली गेली, थोडक्यात वाचले. माझा प्रोग्राम वॉर्डासाठी बदलून घ्यायची त्यांची तयारी होती, पण नवव्या पायरीवर गाडी अडली होती.

मी 'माझ्याकडे तर' एवढे टाइप केले आणि थांबलो. मग पुसले आणि फोन लावला.

"सिस्टर, तुम्ही पहिल्यापासून करत जा. मी काही बोलणार नाही."

"मग फोन कशाला केलात, काका?"

"कुठं अडता ते लिहून घ्यायला."

त्या अकरा ठिकाणी अडल्या. मी अकरा वेळा जीभ आवरली. हे काम एक्केचाळीस पायऱ्यांपेक्षा अवघड आहे. नवव्या पायरीला त्या म्हणाल्या, "काका, नेहमीची फाइल म्हणजे कोणाची नेहमीची? तुम्ही दिलेल्यात ती नाहीच."

नव्हतीच. ती मी अकरा वर्षांपूर्वी माझ्या संगणकावर केली आणि कोडबरोबर ठेवायची विसरलो. बासष्ट माणसे आपापल्या घरी जी वस्तू शोधत होती, ती माझ्या घरात होती.

ती फाइल आता कोडबरोबर आहे. पत्रक सात पायऱ्यांचे आहे. 'सोपे आहे' ही पायरी रद्द करण्यात आली आहे. तिसऱ्या दिवशी फोन आला, "काका, चाललं की! एवढंच होतं होय?"

म्हटले, एवढेच होते. आणि हे सांगायला शेजारच्या खुर्चीकडे वळलो. (ही पायरी कुठल्याच कागदावर नाही.)

यातून वाचकांनी काही बोध घ्यावा अशी अपेक्षा नाही. वाचक हुशार असतात. मीही होतो. फक्त हे वाचून हसू आले असेल, तर उठावे आणि आपल्या घरचे वॉशिंग मशीन लावून बघावे. पावडर सापडली नाही, तर हाक मारावी. आतून उत्तर आले, तर काळजीचे कारण नाही.

तुमच्याकडे तर चालतं.