मुंडकं: पात्र की अपात्र

मुंडकं उडणं सोपं असतं. ते उडालं असं मान्य होणं अवघड. हे सत्य पुसदला, जफरभाईंच्या गॅरेजात, कापसाच्या पडत्या वर्षांत शास्त्रशुद्ध रीतीनं सिद्ध झालं.

भाव असे काही बसले होते की ट्रॅक्टर दुरुस्तीला येईनात आणि जफरभाईंचे रविवार मोकळे पडले. (बाकीचे वारही पडले होते, पण ते त्यांना कबूल नव्हतं.) त्यात पुतण्या फैज पुण्याच्या कॉलेजातून एक खेळ घेऊन आला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक वीर व्हायचं, फासे टाकून राक्षस मारायचे. राक्षसांच्या बाजूनं जफरभाई खेळायचे. खेळात एक जादूची तलवार आहे. तिच्या वारावर वीस बाजूंच्या फाशाचा वीस पडला, की समोरच्याचं मुंडकं उडालं. पुस्तकात नियम एवढाच, एका ओळीचा.

एका ओळीच्या नियमावर आपल्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले घनश्यामभाऊ खेळात आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मुंडके पडताळणी समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य खेळातलेच आणखी एक वीर, पूनमसिंग. मी नुसताच खेळाडू, म्हणून कौतुक करायला मोकळा.

मुंडकं उडालं म्हणून वीर लगेच मरत नसे. तो प्रलंबित होई. प्रलंबित वीरानं बोलायचं नाही, लढायचं नाही. चहा मात्र त्यानंच आणायचा. सात तोंडांच्या सापाची सात वेगळी प्रकरणं. मानच नसलेल्या भुतानं मान नसल्याचा दाखला जोडायचा. मुंडकं तलवारीनं उडालं की घरगुती कारणानं, मान आधीपासून दुखत होती का, वीराला दारूचं व्यसन होतं का, सगळं तपासायचं. शेवटची अट फारच गुणकारी निघाली, कारण या खेळात सगळे वीर एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ते गुत्त्यावरच. त्यामुळे शंभर टक्के प्रकरणं अपात्र ठरली आणि मुंडकी उडण्याचं प्रमाण अधिकृतपणे शून्यावर आलं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मग शीलाचं प्रकरण आलं. शीला जवळच्या तांड्यावरची, कापडाच्या दुकानात कामाला. आठवडाभर गिऱ्हाइकांपुढे थान उलगडायचं आणि पुन्हा घडी घालायची. घरी तिचं कोणी ऐकत नसे. रविवारी ती खेळातली वीर रूपली व्हायची, आणि रूपलीचं राक्षससुद्धा ऐकत. त्या रविवारी जफरभाईंच्या राक्षसानं तीच जादूची तलवार रूपलीवर फिरवली, फासा गडगडला आणि वीस पडला.

मृत्यू पात्र ठरला तर शीला रूपलीची धाकटी बहीण होऊन वारस म्हणून खेळात यायची. घोडा, ढाल, नाव सगळं तिला मिळायचं, आणि शीलाचे रविवार वाचायचे. अपात्र ठरला तर रूपली मेलीच नाही असं समजायचं (मुंडकं परत मिळणार नाही), आणि जिवंत माणसाला वारस कुठला?

"मुंडकं तं पडलं ना, भाऊ? आता अजून काय पायजे तुमाले?" शीलानं विचारलं.

"पडलं, मान्य हाये," घनश्यामभाऊ म्हणाले. "पन काहून पडलं, ते पाहा लागते."

पूनमसिंगांनी घसा खाकरला. "गुत्त्यावर पेलती ते. मी होतो तिथी."

"तुमीच तं पाजलती, काका. साऱ्याइले पाजलती."

"पाजली मी. पेली तं तिनंच ना."

"अरे, बीस आला होता ना भाई, सबने देखा," जफरभाई पुटपुटले. पण राक्षसाची साक्ष ग्राह्य धरत नाहीत.

रूपली अपात्र ठरली. शीलाचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि मी नेहमीप्रमाणे हात वर करून अनुमोदन दिलं. तिनं सगळ्यांना चहा आणून दिला, ओढणी सारखी केली आणि निघून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही. समितीनं गैरहजेरीचं कारण 'घरगुती' ठरवलं.

तुम्हाला तिच्यासाठी चुटपुट लागली असेल, समितीचा रागही आला असेल. हे तुमच्या चांगल्या मनाचं लक्षण आहे. खेळातल्या एका मुंडक्यासाठी तुम्ही इथवर वाचत आलात. ह्याच अटी खेळाबाहेर, आत्महत्या केलेल्या खऱ्या शेतकऱ्यांच्या मरणाला सरकारी समित्या लावत होत्या, तेव्हाही ते रोज पेपरात छापून येत होतं. तुम्ही तेव्हा स्कोअर बघायला मागच्या पानावर गेला होता.