चिमीचा माठ

"बाबा, डॉक्टरांनी पालक सांगितलाय आणि मी पालकच केलाय," असे म्हणून नूतनने सासऱ्याच्या ताटात हिरवीगार भाजी वाढली.

हरिचंद्रने ताट दोन बोटांनी पुढे ढकलले. "पालक? ती काय भाजी हाय? तोंडात घातली का पानी होते. रक्त वाढवायचा आसंल तं माठ कर. हिरवा माठ, सुकट घालून. तुझी सासू करायची तसा."

"अहो, पण पालकात लोह असतं. सगळं जग सांगतं."

"जगाला काय म्हाइत? कवळी बसली तवापासून मी दर रविवारी माठ खाल्लाय. एक देठ कधी आडकला नाय. दातांनी माठ चावणारे शंभर मिळतील, कवळीनं चावणारा मी एकलाच हाय!"

हरिचंद्रची बायको चिमी गेल्यावर मुलगा भावेश आणि नूतन बदलापूरचा फ्लॅट भाड्याने देऊन उल्हासनगरला, कॅम्प पाचला, त्याच्याजवळ राहायला आले होते. म्हातारा जेवत नव्हता. भांडणही नाही आणि कौतुकही नाही, ताटावर बसायचा, अर्धी भाकरी मोडायचा आणि उठायचा. तपासणीत रक्त कमी निघाले. आज निदान तो भाजीवरून भांडत होता, याचेच भावेशला बरे वाटले. त्याने मोबाईल काढला.

"थांबा, बघूनच टाकू." त्याने थोडा वेळ शोधाशोध केली आणि बायकोकडे चोरून पाहिले. "नूतन, बाबा बरोबर आहेत गं. लोह माठात जास्त. आणि कॅल्शियम तर कितीतरी पट. हाडांना एकदम मस्त."

हरिचंद्र ताठ बसला. कित्येक महिन्यांत असा बसला नव्हता. "वाच. परत वाच. मोठ्यानं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला माठातले कॅल्शियम ठाऊक झाले. जिन्यात खालच्या मजल्यावरची लाजवंती भेटली. ही सिंधी म्हातारी हरिचंद्रपेक्षा वर्षाने मोठीच, पण कठड्याला हात न लावता वर-खाली करायची. हरिचंद्र मात्र प्रत्येक वळणावर उभा राहून आपण बाहेरचे बघतोय असे दाखवायचा. चिमी तिला 'अदी' म्हणायची, म्हणजे सिंधीत ताई. लाजवंती हरिचंद्रला 'अदा' म्हणायची, म्हणजे दादा.

"अदी, तुम्ही लोक तो पालक खाता, साई भाजी का काय ती. सोडा ती. माठात ताकद हाय. मोबाईलवर आलाय."

लाजवंतीने तोंडाला ओढणी लावली. हसली की खोकली ते त्याला कळले नाही. "हो का, अदा? माठ में ताकद आहे? अच्छा, अच्छा," एवढे म्हणून ती भराभर खाली उतरली.

घरी नूतनने हार मान्य केली, पण अर्ध्यावरच. "जिंकलात ना? मग तुम्हीच करा. मला आईंच्या हातची येणार नाही, आणि मग तुम्हीच नावं ठेवाल."

"करीन. त्यात काय हाय? फोडणी घालायची न् ढवळायचा."

हरिचंद्रने आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. पण त्याला ती भाजी हवी होती. रक्ताशी त्याचे फारसे देणेघेणे नव्हते. त्याला रविवारची दुपार हवी होती. लसणाचा चर्र आवाज, मग सुकटीचा वास, आणि चिमीचा प्रश्न, "झाली का चांगली?" आणि त्याने मुद्दाम म्हणायचे, "मीठ कमी हाय," आणि तिने म्हणायचे, "मंग खाव नको." एवढेच. नूतन म्हणाली होती ते खरे होते. तसे कुणालाच येणार नव्हते. पण चिमीने ती त्याच्यासमोरच केली होती. म्हणजे त्याला येईल, असा त्याचा हिशेब होता.

गुरुवारी नूतन आणि भावेश कामावर गेले. हरिचंद्र सकाळीच भावाच्या वाडीतून पिशवी भरून माठ घेऊन आला होता. निवडायचे असते हे त्याला माहीत होते, काय निवडायचे हे नव्हते. म्हणून त्याने मुळे तेवढी कापली आणि बाकी सगळे, बोटाएवढे देठ धरून, टोपात घालून गॅसवर चढवले. त्यातच लसूण आणि मिरच्या. मग आठवले, सुकट आधी भाजतात. त्याने तवा तापवला, बरणी त्यावर उपडी केली आणि डबे उघडून हळद शोधू लागला.

हळद सापडेपर्यंत सुकटीचा कोळसा झाला. धूर झाला. त्याने खिडक्या उघडल्या, पंखा मोठा केला, दार उघडले. धूर जिन्यातून खाली निघाला.

खाली लाजवंतीच्या घरी सत्संग चालू होता. दर गुरुवारी असायचा. भजन मधेच थांबले. ढोलक थोडा वेळ एकटाच वाजत राहिला, मग तोही थांबला. जिन्यात बायकांचा गलका ऐकू आला. "अरे, क्या जल रहा है?" "मच्छी है, मच्छी!" "हाय राम, आज के दिन?"

नाकाला ओढणी लावून लाजवंती वर आली. तेही एका दमात.

"अदा! गुरुवार है आज! चिमीने इतक्या वर्षांत कधी गुरुवारी सुकट भाजली नाही. आधी खिडकीतून विचारायची, 'अदी, आज चालेल ना?' आणि तुम्ही सीधा भट्टी लावली!"

हरिचंद्र तव्यासमोर उभा होता. चिमी असे विचारायची हे त्याला आजच कळत होते. "चुकलो, अदी. तिची भाजी करत होतो."

लाजवंतीचा आवाज खाली आला. तिने गॅस बंद केला. टोपातल्या भाजीकडे पाहिले. "खाऊन बघितली?"

तिच्यासमोर मागे हटणे शक्य नव्हते. हरिचंद्रने मोठा घास घेतला. चावला. परत चावला. देठाची दोरी वरच्या कवळीला गुंडाळली गेली. त्याने बोटाने ओढली, ती सुटेना. जोर लावला, तेव्हा देठ आला आणि त्याच्याबरोबर कवळीही आली.

देठाला लटकलेली कवळी हातात घेऊन हरिचंद्र बोळक्या तोंडाने म्हणाला, "आधी कधी नाय आडकला."

लाजवंती खुर्चीत बसली आणि पोट धरून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि मग ते पाणी थांबेना.

"कसा अडकेल, अदा? माठ तुम्ही खाल्लाच कुठे? कवळी बसवली, त्या पहिल्याच रविवारी तुमचं तोंड दुखलं. पण बोलणार नाही! मर्द! चिमी पिशवी घेऊन खाली आली. म्हणाली, 'अदी, हा माठ तू ठेव, मला तुझा पालक दे. मऊ असतो. सुकट घातली की त्यांना काय कळतंय.' तेव्हापासून दर रविवारी माठ माझ्या घरी, पालक तुमच्या घरी."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. मी दाल में डालायची." ती उठली आणि गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "ये देखो. सब तुमचं कॅल्शियम!"

हरिचंद्रने कवळी नळाखाली धुतली. बराच वेळ धूत राहिला. मग ती बसवून म्हणाला, "अदी, नूतनला सांगू नको. मी भांडून जिंकलोय."

रविवारी तो पुन्हा वाडीवर गेला. पिशवी लाजवंतीच्या दाराला अडकवली आणि तिने दिलेली दुसरी पिशवी घेऊन, प्रत्येक वळणावर थांबत वर आला. "घे. माठ. अदीनं निवडून दिलाय. तूच कर, माझ्या हातून लागतो."

नूतनने पिशवी उघडली. पान उलटून पाहिले. सासऱ्याकडे पाहिले. हरिचंद्र भिंतीवरच्या कॅलेंडरात बघत होता.

"करते," ती म्हणाली.

लसूण चर्र वाजला. सुकटीचा वास घरभर झाला. भावेशने पहिला घास घेतला आणि थांबला. "अगं, ही तर आईसारखीच झालीय! पण हा माठ आहे का? मला तर पाल—"

टेबलाखाली नूतनचा पाय त्याच्या पायावर पडला. "माठ आहे. गप खा."

मग तिने पदराला हात पुसत विचारले, "बाबा, झाली का चांगली?"

हरिचंद्रने घास तोंडात तसाच धरला. चावायची गरज नव्हती. ताटातली भाजी त्याला नीट दिसेनाशी झाली होती, तरी त्याने ताट पुढे केले.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला. "अजून वाढ."