व्यंकटरावांचे प्रात्यक्षिक

भाषण तोंडपाठ झाले होते, अडले होते ते परकरापाशी. पुंडलिकनगरच्या महिला मंडळात निवृत्त हेडक्लार्क व्यंकटराव पाच वाजता 'मुलांचे शरीर, मुलांची मर्जी' या विषयावर बोलणार होते. प्रात्यक्षिकासाठी सहा वर्षांची नात स्वराली शेजारी उभी राहणार होती. त्यांनी विचारायचे, "तुझ्या अंगाला हात लावायचा तर कुणाला विचारायचं?" तिने म्हणायचे, "मला!" एवढेच.

"मी नाही परकर घालणार. टोचतो," स्वराली म्हणाली.

"तासाभराचा तर प्रश्न आहे, राणी."

"नको."

"अहो, जाऊ द्या की फ्रॉकमध्येच," त्यांच्या पत्नी भानुमतीबाई म्हणाल्या.

"निमंत्रणपत्रिकेत 'पारंपरिक वेशात' असं छापलंय!"

छापलेल्या अक्षरापुढे व्यंकटरावांचे आयुष्यात कधी काही चालले नव्हते. त्यांनी नातीचे हात धरून परकर चढवला, नाडी आवळली. ती सोफ्याखाली शिरली, तर पाय धरून ओढून काढली आणि तिला काखोटीला मारून ते निघाले. वाटेत उजळणी चालूच होती. "मूल नको म्हणालं, की मोठ्यांनी तिथंच थांबायचं... अगं, लाथा नको मारूस!"

भाषण रंगले. मग त्यांनी स्वरालीला माइकपुढे उभे करून तो प्रश्न विचारला.

"मला," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. "पण आजोबांनी नाही विचारलं. मी नको नको म्हणत होते. त्यांनी पाय धरून ओढलं मला."

सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"लई झ्याक बसवलंय नाटक!" करमाडहून लेकीकडे आलेल्या आशाबाई पहिल्या रांगेतून ओरडल्या. "आजोबा बी कसे खरंच ओशाळल्यावानी दिसतेत!"

हसून हात जोडले की सुटका होती. व्यंकटरावांनी हात जोडलेही. पण स्वराली त्यांच्याकडेच बघत होती, आता आजोबा काय सांगतात म्हणून. त्यांची मान शरमेने खाली गेली.

"हे नाटक नाही," ते माइकमध्ये म्हणाले. "ती खरं सांगतेय. मी तिला ओढूनच आणलं, आणि वर तुम्हाला शिकवत बसलो. लाज वाटते मला. स्वराली, चुकलं माझं."

टाळ्या थांबल्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी आशाबाईच उठल्या. "मंग तर आमच्या गावाला याच. आमच्याकडं बी हेच चालतंय, पण कबूल कोण करतंय? नातीला बी आणा."

'आणतो' हा शब्द व्यंकटरावांनी ओठांवरच गिळला. ते स्वरालीपुढे उकिडवे बसले. "येशील का गं करमाडला?"

स्वरालीने विचार केला. "येईन. पण परकर तुम्ही घालायचा."

सगळे सभागृह खदखदून हसले.

"नको गं," व्यंकटराव कसेबसे म्हणाले.

"बरं, मग नको," स्वराली लगेच म्हणाली.

इतके सोपे होते ते. मघाशी माइकपुढे वाटली नव्हती एवढी लाज व्यंकटरावांना आता वाटली.