हल्दुनच्या गाडीमागे पिंपभर पाणी

हल्दुन केसकिनच्या गाडीमागे पाणी किती ओतायचं, यावरून रागिपच्या लोणच्याच्या दुकानात आदल्या संध्याकाळी जवळजवळ भांडणच झालं. कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या पाठी पाणी ओतायचं, म्हणजे तो पाण्यासारखा सुरळीत जातो आणि पाण्यासारखा परत येतो, हे आमच्या एस्किशेहिरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याला एक तांब्या पुरतो. पण तो पुरतो मावशीला भेटायला बुर्साला जाणाऱ्या माणसाला. हल्दुन निघाला होता गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी बारा शहरांच्या दौऱ्यावर, आणि तोही आयुष्यात पहिल्यांदा एकटा.

"बारा गावं आणि एक तांब्या?" शेर्मिन म्हणाली. "तिसऱ्या गावातच आटेल ते."

शेर्मिन दातांच्या दवाखान्यात नंबर लावून द्यायच्या टेबलावर बसायची आणि हल्दुनच्या चाहत्यांची गावातली शाखा चालवायची. शाखेत तिच्याखेरीज दोघंच खरे कामाचे: गाडी शिकवणारा फिक्रेत आणि लोणचीवाला रागिप. हल्दुनचा बँड भांडून फुटला त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत तो गाताना कुणाला दिसला नाही, दिसला तो फक्त सपाता घालून पाव आणायला जाताना. त्यामुळे दौऱ्याची बातमी आली तेव्हा शेर्मिन टेबलावर डोकं ठेवून इतकी रडली, की समोरचा पेशंट दुखरा दात तसाच घेऊन घरी पळाला. फिक्रेतनं त्याच भरात शिकाऊ बाईला लाल दिव्यातून गाडी काढायला लावली.

या आनंदाच्या तळाशी मात्र तिघांनाही धास्ती होती. हल्दुन लहरी माणूस. बातमी आल्यापासून शेर्मिनला रोज वाटायचं, आज रद्द होणार. एकदा का रद्द झाला की हा माणूस पुन्हा कधी गिटारला हात लावायचा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून पाण्यात कसर नको, असं तिचं म्हणणं. शेवटी रागिपनं खारातल्या कोबीचं रिकामं पिंप विसळून दिलं आणि ते काठोकाठ भरायचं ठरलं.

सकाळी हल्दुनच्या चढाच्या गल्लीत तिघं पिंप घेऊन हजर. मिशांवर दव गोठवणारी जानेवारीची थंडी होती. हल्दुनचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो थंडीनं, असं त्यांनी धरलं. त्याची आई साजिदेमावशी, तिनं त्याला जवळ घेतलं, मॅनेजर केनाननं गाडी सुरू केली, आणि गाडी हलताच रागिप आणि फिक्रेतनं पिंप आडवं केलं. पाणी गल्लीभर पसरलं. शेर्मिननं त्याचं चित्रण करून लगेच देशभरच्या चाहत्यांना पाठवलं, तिघांच्या हसऱ्या तोंडांसकट.

मग कोपऱ्यावर उभं राहून त्यांनी थर्मासमधला चहा घेतला, तीळ लावलेले गोल पाव खाल्ले, एकमेकांना मिठ्या मारल्या. चहा संपता संपता फिक्रेतची नजर गल्लीकडे गेली. चढ-उतार बघणं हा त्याचा धंदाच. "हे गोठलंय वाटतं," तो म्हणाला. गल्ली पार आरशासारखी झाली होती.

"गोठू दे की," रागिप म्हणाला. "हल्दुनदादा आता वसंतातच परत येणार."

तेवढ्यात वरच्या अंगानं गाडी परत आली.

ती घरासमोर थांबली. हल्दुन उतरला. त्याचा एक पाय जमिनीला लागला, दुसरा लागलाच नाही. काळा लांब कोट घातलेला तो भला थोरला माणूस खाली बसला आणि बसल्या बसल्या घसरत थेट कचऱ्याच्या पेटीपर्यंत गेला. डावा हात अंगाखाली सापडला. त्याला धरायला केनान धावला, तो पाठीवरच आदळला. वरच्या खिडकीतून साजिदेमावशीचा आवाज आला, "हल्दुन, ऊठ रे. गारठ्यात बसू नकोस."

आमचे तिघं कुठं होते? बेकरीच्या लाकडांच्या ढिगामागे. या माणसासाठी जीव देऊ, असं तिघांनीही अनेकदा जाहीर केलं होतं. आता फक्त हात द्यायचा होता, तर पाय हलेनात. डावा हात, म्हणजे तारा दाबायचा हात. तो मोडला तर दौरा मोडला, आणि तो मोडणारे कोण, हे चित्रणात सगळ्या देशानं पाहिलं होतं.

हल्दुन आणि केनान भिंत धरत घरात गेले, तेव्हा तिघं बाहेर आले आणि त्यांनी निस्तरायला सुरुवात केली. फिक्रेतनं उरलेला गरम चहा बर्फावर ओतला. क्षणभर वाफ आली, मग तो भाग आधीपेक्षा गुळगुळीत झाला. रागिप पळत जाऊन दुकानातून मिठाचं पोतं घेऊन आला. गुडघ्यांवर बसून त्यांनी मीठ पसरलं. बर्फ सुटायला लागला आणि त्याबरोबर एक ओळखीचा वास सुटला. गोठलेलं होतं तोवर बिचारं गप्प होतं, आता अख्ख्या गल्लीला खारातल्या कोबीचा वास यायला लागला. दर कार्यक्रमानंतर हल्दुनला त्या कोबीची बरणी नेऊन देणारा माणूस देशात एकच होता, आणि तो तिथं मिठाचं पोतं धरून उभा होता.

शेर्मिनचा फोन मघापासून वाजत होता. तिकडे अंकाऱ्यात हॉलच्या दाराशी रांग लागली होती. दादा कुठवर पोचले, असं जो तो विचारत होता. एकीनं तर पाणी ओतणाऱ्या हातांना फोनवरूनच मुके पाठवले होते. एवढ्यात केनानचा निरोप सगळ्यांना आला: थोडी अडचण आहे, कळवतो. त्या चार शब्दांवर रांगेत रडारड सुरू झाली. शेर्मिनचे हात इतके थरथरत होते, की चित्रण पुसायला गेली आणि तिनं ते पुन्हा एकदा सगळ्यांना पाठवलं.

"मी दुकान विकतो आणि सिवासला जाऊन राहतो," रागिप म्हणाला.

"सिवासलाही कार्यक्रम आहे त्यांचा," फिक्रेत म्हणाला.

पळायला गाव उरलं नाही तेव्हा त्यांनी वर जाऊन पायच धरायचं ठरवलं. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून संत्री घेतली, लिंबाच्या वासाचं कोलोन घेतलं. जिना चढताना शेर्मिन दर पायरीला थांबत होती. तिला शिव्यांची भीती नव्हती. हल्दुनचा पलस्तरातला हात डोळ्यांनी बघावा लागणार, याची होती.

साजिदेमावशीनं दार उघडलं, सपाता पुढे केल्या, कोलोन घेतलं आणि तेच तिघांच्या हातांवर शिंपडलं, कारण तिघंही घेरी येऊन पडतील असे दिसत होते. आत हल्दुन सोफ्यावर होता. मनगटावर गोठलेल्या मटारांची पिशवी. केनान पाठीला उशी लावून खुर्चीत कण्हत होता. शेर्मिननं पाठ केलेलं भाषण सुरू केलं, पण तिची जीभ टाळ्याला चिकटली. मग रागिपनंच एका दमात सगळं सांगून टाकलं. पिंप आमचं, पाणी आमचं, चहासुद्धा आमचाच.

"वासावरून कळलं मला," हल्दुन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं. "तुमचे उपकार कसे फेडू, तेवढं सांगा."

कुणाला काही कळेना. केनाननं छताकडे पाहिलं. मग हल्दुन हळूहळू बोलायला लागला. त्याचं घरी काही राहिलं नव्हतं. गावाबाहेर पडता पडता त्याची छाती धडधडायला लागली होती आणि औषध राहिलं असं खोटं सांगून त्यानं गाडी वळवायला लावली होती. गाडीतून उतरताना तो नवीन सबब शोधत होता, आणि पाय ठेवला तिथंच ती त्याला सापडली होती.

"अठरा वर्षं माझ्यामागे चौघं असायचे," तो म्हणाला. "माझं चुकलं की मी ड्रमवाल्याकडे रागानं बघायचो, लोकांना वाटायचं त्याचंच चुकलं. आता कुणाकडे बघू?"

"हात मोडलाय का, दादा?" फिक्रेतनं विचारलं.

हल्दुननं मटारांखाली बोटं हलवली. पाचही हलली. "मोडलेला नाही," तो म्हणाला, "पण मोडला म्हणता येईल."

शेर्मिननं आजवर या माणसासमोर धड एक वाक्य पुरं केलेलं नव्हतं. पण सकाळपासूनची सगळी भीती आता संताप होऊन बाहेर पडली. तिनं लाकडांमागचं सांगितलं, मिठाचं सांगितलं, अंकाऱ्यातल्या रांगेचं सांगितलं.

"तुम्ही घाबरलात?" ती म्हणाली. "घाबरणं काय असतं ते आम्हाला विचारा. तुम्ही चुकलात तर चार शिट्ट्या पडतील. तुम्ही गेलाच नाहीत, तर आम्हाला या गावातून तोंड लपवून जावं लागेल. आणि तीन वर्षं वाट बघून तुमचं गाणं मटारांखाली गेलं, हे मला जन्मभर सहन होणार नाही."

एवढं बोलून तिला रडू फुटलं. हल्दुन तिघांकडे बघत राहिला. रागिपचे दात वाजत होते. फिक्रेतच्या हातातली संत्र्यांची पिशवी आपोआप सळसळत होती. मग हल्दुनच्या पोटातून हसू वर आलं.

"माझ्यापेक्षा घाबरलेली माणसं मी आज पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला, आणि त्यानं मनगटावरची मटारांची पिशवी काढून आईच्या हातात दिली.

केनानला पाठीमुळे गाडी चालवणं शक्य नव्हतं, म्हणून फिक्रेतनं चालवली, कधी नव्हे ती सगळे नियम पाळून. संध्याकाळी अंकाऱ्यात हल्दुन एकटा रंगमंचावर आला. टाळ्या थांबल्या, हॉल गप्प झाला, आणि त्याचा हात तारांवर नुसताच पडून राहिला. पहिल्या रांगेत हे तिघं एकमेकांच्या बाह्या घट्ट पकडून, श्वास रोखून उभे होते, तोंडं खडूसारखी. हल्दुनची नजर त्यांच्यावर पडली. त्याचे खांदे सैल झाले. मग तो असा गायला, की हॉलच्या दारावरचे रखवालदारही आत येऊन उभे राहिले.

त्या रात्री त्यानं अट घातली: प्रत्येक गावात हे तिघं समोर हवेत. फिक्रेतनं रजा टाकली, दातांच्या डॉक्टरनं कुरकुरत शेर्मिनला सोडलं, रागिपनं दुकानाला कुलूप लावलं. देशभरचे चाहते त्यांच्यावर जळायला लागले.

पण माणूस भीतीतही रुळतो. चार गावं सुखरूप पार पडली. हॉटेलातल्या सकाळच्या न्याहाऱ्यांनी रागिपचे गाल वर आले, शेर्मिनकडेच लोक सह्या मागायला लागले. कायसेरीला पोचेपर्यंत तिघांचीही खात्री पटली होती, की आता काही बिघडत नाही. दिवे मंदावले तेव्हा रागिप सूर्यफुलाच्या बिया सोलत होता, फिक्रेतनं मोठी जांभई दिली, आणि शेर्मिन प्रसन्न हसत होती.

हल्दुन आला. त्यानं तारांवर हात ठेवला, खाली पहिल्या रांगेकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हात हलेना. लोकांना वाटलं, गाण्याआधीची ही त्याची खास शांतता असावी. तो हळूच रंगमंचाच्या कडेला आला, हस्तांदोलन केल्यासारखं करत खाली वाकला आणि शेर्मिनच्या कानाशी काकुळतीनं म्हणाला, "घाबरा की जरा."